पल्लांगुळी आणि इतर डाव

चेन्नईतलं मैलापूर. शेजारच्या पाट्टींनी, म्हणजे आजींनी, लाकडी पल्लांगुळी पुढ्यात ठेवली. सात-सात खळ्यांच्या दोन ओळी, खळ्यांत चिंचोके. नियम विचारले तर म्हणाल्या, "विळयाडु." खेळ.

एका खळ्यातले चिंचोके उचलून पुढे एकेक पेरत जायचं. शेवटचा पडला की त्याच्या पुढच्या खळ्यातले उचलून पुन्हा पेरणी. पुढचं खळं रिकामं निघालं, तर त्यापलीकडचे चिंचोके आपले आणि डाव समोरच्याकडे. इथवर सोपं. मग माझ्याच हातचा चिंचोका पाट्टींच्या बाजूच्या खळ्यात पडला, तिथे चार झाले आणि त्यांनी ते अलगद उचलले. "पसु!" आपल्याकडे पशू म्हणजे कुठलंही जनावर, तमिळमध्ये गाय. चार जमले की गाय, आणि खळं ज्याचं त्याची गाय. आधी सांगितलं असतं तर विसरलो असतो.

कोणी खळ्यात पाच चिंचोके घालतं, कोणी सहा. बसण्याआधी घरची रीत विचारून घ्यावी.

रविवारी 'टेराफॉर्मिंग मार्स' हा पटावरचा खेळ. मागच्या खेपेला पुस्तिका पहिल्या पानापासून वाचली आणि पाहुणे कंटाळून गेले, याचं वाईट वाटतं. या वेळी शेवटापासून सुरुवात केली: मंगळाचं तापमान उणे 30 वरून अधिक 8 अंशांवर, प्राणवायू 14 टक्के आणि 9 समुद्र झाले की खेळ संपला. मग पत्ते वाटले. कुठे जायचं ते ठाऊक असलं की बाकीचे नियम वाटेत भेटतात.

आजोबांच्या देशी बुद्धिबळात प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर चाले, आणि शह बसण्याआधी राजाला एकदा घोड्याची उडी घेता येई. शाळेत मला ते चूक म्हणून सांगितलं. चूक नव्हती, वेगळी रीत होती.

1961 साली भारताचे पहिले आंतरराष्ट्रीय मास्टर झालेले मॅन्युएल एरन यांनी 1972 मध्ये इथल्या सोव्हिएत सांस्कृतिक केंद्रात ताल चेस क्लब सुरू केला. विश्वनाथन आनंद लहानपणी तिथेच झटपट डाव खेळे. हरला तो उठायचा, जिंकला तो बसून राहायचा. पुन्हा बसायला मिळावं म्हणून मुलं किती बारकाईनं बघत असतील!

पुन्हा पाट्टींकडे. दुसऱ्या फेरीत माझी दोन खळी भरलीच नाहीत, ती बाद. त्यांनी दोन्हींत एकेक काडी ठेवली. काड्या ओलांडून पेरायची बोटांना सवय होईपर्यंत आणखी तीन गायी त्यांच्याकडे गेल्या.