गेंडा आधी, साहेब नंतर

पर्वतीच्या पायथ्याशी एके काळी पेशव्यांचा शिकारखाना होता आणि त्यात एक गेंडा होता. नोव्हेंबर १७९० मध्ये गंगाराम चिंतामण तांबट नावाच्या पुण्याच्या चित्रकाराने त्या गेंड्याचं चित्र काढलं. गेंडा गेला, शिकारखाना गेला. चित्र मात्र आहे, अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलाकेंद्रात.

मी बिबवेवाडीत वाढले. इथून पर्वती दुचाकीवर पंधरा मिनिटांवर. लहानपणी पेशवे पार्कात जायचं ते फुलराणीत बसायला. तिथले प्राणी तोवर कात्रजला गेले होते. पेशव्यांच्या गेंड्याबद्दल कुणी कधी बोललं नाही. मला तो भेटला गेल्या वर्षी, जेम्स वेल्सबद्दल वाचताना.

वेल्स तुम्हाला नावाने माहीत नसेल, पण चित्राने माहीत आहे. सवाई माधवराव आणि शेजारी सडपातळ, लांबट चेहऱ्याचे नाना फडणवीस, हे १७९२ मधलं तैलचित्र त्याचं. मूळ चित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. आपल्या डोक्यात नानांचा जो चेहरा बसला आहे तो बराचसा वेल्सने बसवलेला. महादजी शिंद्यांनाही त्याने समोर बसवून रंगवलं.

पुण्याच्या लेखी साहेब म्हणजे इंग्रजच. पण वेल्स होता स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या पीटरहेड गावचा. चित्रकला बरीचशी आपली आपणच शिकलेला. लंडनमध्ये त्याने थोडंफार नाव केलं, पण पोट भरेना, तेव्हा बऱ्याच चित्रकारांनी केलं तेच त्याने केलं आणि १७९१ मध्ये मुंबई गाठली. हे वाचताना मला ऑनसाइटला जाणारी आमची माणसं आठवली. फक्त वारा उलट्या दिशेचा.

मुंबईहून त्याला पुण्यात आणलं चार्ल्स मॅलेट या कंपनीच्या वकिलाने. मॅलेट १७८६ पासून पेशव्यांच्या दरबारी होता, मुळा-मुठेच्या संगमावर त्याचा बंगला होता. टिपूविरुद्ध पेशव्यांशी १७९० चा तह त्यानेच जुळवला. या माणसाभोवती सगळ्यांची नाती गुंफली आहेत. त्याची इथली सहचरी अंबर कौर. तिच्यापासून त्याला तीन मुलं झाली आणि तिचंही चित्र वेल्सने रंगवलं. पुढे मॅलेट इंग्लंडला परतला आणि १७९९ मध्ये त्याने लग्न केलं ते वेल्सच्याच मुलीशी, सुझानाशी. त्यांना आठ मुलगे झाले. घराण्याचा वारसा त्यांच्याकडून चालला. नातू एडवर्ड मॅलेट बर्लिनला ब्रिटनचा राजदूत होता. अंबर कौर त्या वंशावळीच्या काठावर राहिली.

हे लग्न पाहायला वेल्स नव्हता. १७९५ च्या ऑक्टोबरअखेर सवाई माधवराव शनिवारवाड्यात वरून पडून गेले, वय एकवीस. पुढच्याच महिन्यात वेल्स ठाण्यात वारला. त्याची अर्धीमुर्धी कामं टॉमस डॅनियल या मित्राने पुरी केली. मॅलेट पेशव्यांच्या दरबारात तहनामा देतो आहे, हे डॅनियलचं १८०५ चं भव्य चित्र वेल्सच्या रेखाटनांवरून झालं. डॅनियल मुंबईपर्यंत आला होता, वेल्सबरोबर लेण्यांतून हिंडलाही होता, पण पुण्याचा दरबार त्याने स्वतः पाहिला नव्हता. वेरूळच्या लेण्यांची चोवीस चित्रांची मालिका १८०३ मध्ये निघाली, तिच्या मुखपृष्ठावर दोन नावं आहेत. रेखाटनं वेल्सची, मुद्रण डॅनियलच्या देखरेखीखाली. एकाने केलं, दुसऱ्याने पुरं करून बाहेर आणलं.

आमच्या धंद्यात हे रोजचं आहे. गिटमध्ये प्रत्येक बदलाला दोन नावं चिकटतात: ऑथर म्हणजे ज्याने कोड लिहिला तो, आणि कमिटर म्हणजे ज्याने तो भांडारात आणला तो. बहुतेक वेळा माणूस एकच असतो म्हणून कुणी लक्ष देत नाही. ती दोन वेगळी असतात तेव्हा मात्र कळतं की ही सोय करणाऱ्याने फार शहाणपणाचा विचार केला आहे.

तर गंगाराम. त्याची गोष्ट सहसा अशी सांगतात की मॅलेटच्या पुढाकाराने पुण्यात चित्रकलेची शाळा निघाली, वेल्सने तिथे इथल्या मुलांना यथादर्शन शिकवलं आणि त्यांतला हुशार विद्यार्थी म्हणजे गंगाराम. गोष्ट खोटी नाही. वेल्ससाठी त्याने काम केलं, वेरूळला जाऊन लेणी रेखाटली. पण गेंड्याच्या चित्राची तारीख बघा. नोव्हेंबर १७९०. वेल्सने तोवर हिंदुस्थानच्या भूमीवर पाऊलही ठेवलं नव्हतं. म्हणजे साहेब शिकवायला येण्याआधीच हा माणूस मॅलेटसाठी समोरचं जनावर समोर बघून काढत होता. वेल्सकडून तो काही शिकला असेल, नक्कीच. पण त्याची सुरुवात वेल्सपासून होत नाही. इतिहासातली क्रमवारी लावायला एका कागदावरची तारीख पुरते.

हे मला इतकं का लागलं, त्याला कारण आहे. आधीच्या नोकरीत मी आणि एका सहकाऱ्याने एका जुन्या बिलिंग यंत्रणेचं पोट पूर्ण बदललं. सात-आठ महिन्यांचं काम. क्लायंटपुढे ते सादर झालं ते दुसऱ्याच माणसाच्या नावाने. मी चिडले तेव्हा सहकारी म्हणाला, "जाऊ दे गं, गिटमध्ये आहे ना आपलं नाव." मलाही ते पटलं. मी नोकरी सोडल्यावर त्याचाच फोन आला. कोड नव्या भांडारात हलवला होता, जुना इतिहास वगळून. हजारो ओळी, एकच कमिट, त्यावर एकच नाव. कोड चालतो आहे, लोकांची बिलं बरोबर येताहेत. फक्त ते कुणी केलं हे आता कुणी विचारलं तरी सापडणार नाही.

म्हणून मॅलेट आणि वेल्सवर मला सरळ रागावता येत नाही. गंगारामने काढलेले कागद त्यांनी आपल्या कागदांत मिसळून टाकले नाहीत. त्यावर त्याचं नाव राहू दिलं, वेल्सने आपल्या रोजनिशीत त्याच्याबद्दल लिहून ठेवलं. आपले वाडे आणि मंदिरं रंगवणारे त्याच काळातले कितीतरी चितारी आज निनावी आहेत, कारण इथे नाव नोंदवायची रीत नव्हती. दुसरीकडे, नाव नोंदवणारेच ठरवत होते की ते मुखपृष्ठावर जाईल की कागदाच्या कोपऱ्यात. वेरूळच्या त्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर गंगाराम नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीने दुसरी पुसली जात नाही.

कसबा पेठेतल्या तांबट आळीत अजून हातोड्यांचा आवाज येतो. तिथल्या भांड्यांवर मठार पडलेली असते: हातोडीच्या ठोक्यांची बारीक, ओळीतली नक्षी. तीवरून जाणकाराला कारागिराचा हात ओळखता येतो म्हणतात. पण हात ओळखणारा माणूस गेला की ती सही वाचणार कोण? गंगारामच्या बाबतीत कुणीतरी शाईने नाव लिहिलं म्हणून आज आपण त्याच्याबद्दल बोलतो आहोत.

येलच्या संग्रहात वेल्सच्या नावापुढे जन्म-मृत्यूची सालं आहेत. गंगारामपुढे फक्त कार्यकाळ आहे, १७९० चं दशक. गिटमधल्या नोंदीसारखंच हे: माणूस कधी जन्मला ते नाही, काम कधी केलं तेवढं. नव्या नोकरीत मी आता एक सवय लावून घेतली आहे. कनिष्ठ मुलांचा कोड मी पुढे पाठवते तेव्हा ऑथरच्या जागी त्यांचं नाव आहे ना, एवढं बघून घेते. दहा सेकंदांचं काम आहे.