ठरलेली वाट

सुख कुठे आहे हे ज्याचं एकदा ठरून गेलं, त्याच्या पायांना एक वेगळीच चाल येते. ती मी दिवेघाटात पाहिली. ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुण्याहून सासवडला निघते तो दिवस बहुधा एकादशीचा असतो. साऱ्या वाटेतली सर्वांत लांब मजल, पोटात उपास आणि समोर घाट. रथाला जादा बैलजोड्या लावाव्या लागतात. पावसाची भुरभुर मधेच येते, मधेच ऊन चटका देऊन जातं. आणि त्या चढावर सत्तरी ओलांडलेली माणसं टाळ वाजवत चढत असतात. चेहऱ्यावर घाम असतो, धाप असते, पण चढ कधी संपेल ही चिंता नसते. पंढरपूर अजून दोन आठवड्यांच्या वाटेवर आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. घाई कुणालाच नसते.

आळंदीहून ज्येष्ठ वद्य अष्टमीला प्रस्थान आणि आषाढ शुद्ध एकादशीला पंढरी, असा हा सुमारे अडीचशे किलोमीटरचा हिशेब. हैबतरावबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात या सोहळ्याला जी शिस्त लावली, तीच आजही चालते. कोणती दिंडी रथाच्या पुढे, कोणती मागे, कितव्या क्रमांकावर, दुपारचा विसावा कुठे, रात्रीचा तळ कुठे, सगळं आधीच ठरलेलं. ज्याच्या गळ्यात तुळशीची माळ पडली, त्याच्यासाठी तर आणखीही पुष्कळ ठरलेलं असतं. मांस-मद्य वर्ज्य, एकादशीचा उपास आणि वर्षाची वारी. माळ तुटली तर पुन्हा गळ्यात घालेपर्यंत अन्नाला न शिवणारी माणसं मी जवळून ओळखते. मला नेहमी वाटत आलंय की या माणसांनी सुखाचा शोध थांबवला आहे, आणि म्हणूनच त्यांना चालता येतं.

आपलं तसं नाही. १७७६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात जीवन आणि स्वातंत्र्य यांच्या जोडीला सुखाच्या मागे जाण्याचाही हक्क मांडला गेला. मला तो मजकूर फार मोठा वाटतो. राजाच्या किंवा धर्मपीठाच्या हुकमाने नव्हे, माणसाने आपल्या मनाने आपलं सुख ठरवावं, हे तोवर किती राज्यांनी असं उघड म्हटलं होतं? पण त्या हक्काचं आपण पुढे काय केलं? ठरवण्याऐवजी बदलत राहिलो. नोकरी बदलली, शहर बदललं, घर मोठं केलं, छंदही दर दोन वर्षांनी नवा घेतला. प्रत्येक ठिकाणी थोडं थांबून पाहिलं आणि सुख पुढच्या वळणावर असेल म्हणून निघालो. अशा चालण्यात पाय दुखतात आणि मुक्काम कुठेच पडत नाही. दर वळणावर पुन्हा निवड करायची, तीही कदाचित चुकली असेल या धास्तीसकट, हे ओझं डोक्यावरच्या कुठल्याही गाठोड्यापेक्षा जड असतं.

वाल्ह्याच्या तळावर हिंगोलीकडच्या एका आजींशेजारी मी बसले होते. दिंडीच्या ट्रकमधून सामान उतरत होतं, राहुट्या ठोकल्या जात होत्या. आजींनी डोक्यावरचं तुळशीवृंदावन खाली ठेवलं, त्यावर चूळभर पाणी घातलं आणि मगच त्या टेकल्या. टाचांच्या भेगांत माती भरून ती काळी झाली होती. करंगळीला फोड आला होता, त्यावर त्यांनी कापडाची चिंधी बांधली होती. पिशवीतून खोबरेल तेलाची बाटली काढून त्या पोटऱ्या चोळू लागल्या.

“पेरणी झाली का आजी?” मी विचारलं.

“निम्मी झाली. निम्मी पोरं करतेत की, पाऊस पडल्यावर.”

“मग देवाला पाऊस मागणार असाल.”

“काय मागावं माय? चालू दिलं त्यानं, लई झालं.” थोडं थांबून त्याच म्हणाल्या, “आधी माझी सासू यायची. ती गेली अन् वारी माझ्याकडं आली.”

एवढंच. सासूची जमीन, सासूची भांडी आणि सासूची वारी. वारसा म्हणून आनंदही मिळतो, हे मी त्या दिवसापर्यंत मनात आणलं नव्हतं. त्यांना स्वतःचं सुख हुडकत बसावं लागलं नाही. घरात ते आधीपासून होतं, त्यांनी फक्त ते उचलून डोक्यावर घेतलं. पिढ्यान् पिढ्या जात्यावर दळताना बायकांनी पंढरपूरला माहेर म्हटलं, त्याचं कारणही मला इथेच उमगलं. एरवी अठरा दिवस चूल सोडून घराबाहेर राहायला कोणत्या सासुरवाशिणीला कुणी परवानगी दिली असती?

आता त्या तळावरची संध्याकाळ सांगायलाच हवी, कारण माझ्या मते सगळ्या वारीचं मर्म तिथे आहे. पालखी तंबूपाशी आली की दिंड्या गोलाकार उभ्या राहतात. हजारो टाळ एकाच वेळी वाजत असतात, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मग चोपदार उंचावर उभा राहून दंड वर करतो आणि लांबलचक हाळी देतो. क्षणात सगळं थांबतं. एवढ्या माणसांच्या मैदानात पताकांची फडफड ऐकू यावी इतकी शांतता. पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, तर ती दिंडी टाळ थांबवत नाही. सगळं मैदान गप्प आणि एका कोपऱ्यातून टाळ वाजतोय! चोपदार तिकडे जातो. कुणाचा क्रम चुकला, कुणाला जागा मिळाली नाही, कुणाला पाणी आलं नाही, ते ऐकून घेतो. निवाडा झाला की तिथला टाळ थांबतो. त्यानंतर दिवसभरात हरवलेल्या आणि सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात. कुणाची पिशवी, कुणाचा चष्मा, कुणाचं पाकीट. ज्याचं त्याला मिळतं. मग उद्या निघायची वेळ सांगतात आणि आरती होते.

सुखी समाज म्हणजे काय, यावर मोठमोठे ग्रंथ लिहिले गेले आहेत. शेजारच्या भूतानने तर राष्ट्राच्या आनंदाची मोजदाद राज्यकारभारात आणली. पण दिवस मावळताना तक्रार ऐकली गेली, हरवलेलं परत मिळालं आणि उद्या कुठे जायचं ते कळलं, यापेक्षा अधिक काही समाजाने आपल्याला द्यावं असं मला वाटत नाही. घराघरांत तेवढं झालं तरी पुष्कळ आहे. रोज रात्री जेवणाच्या वेळी एकाचा टाळ वाजत असतो आणि आपण तिकडे जात नाही.

वारीत नुसती संथ चाल नसते. माळशिरस सोडून पालखी वेळापूरजवळ येते, तिथे एक उतार आहे. याच जागी तुकोबारायांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी श्रद्धा आहे. म्हणून तिथे सगळी वारी धावते. झेंडेकरी धावतात, वीणेकरी वीणा छातीशी धरून धावतात, नऊवारीचा काष्टा सावरत म्हाताऱ्या धावतात. ज्यांना एरवी उठताना जमिनीला हात टेकावा लागतो, ती माणसं त्या उतारावर लहान होतात. आज तिथून कळस दिसत नाही. ज्या माणसाला तो दिसला, त्याच्या आनंदाच्या आठवणीवर एवढे लोक धावतात. मीही धावले. तेव्हा मनात काही नव्हतं. पंढरपूरही नव्हतं.

आणि पंढरपुरात पोचल्यावर? पदस्पर्शाची रांग पत्राशेडांतून वळणं घेत लांबवर गेलेली असते, उभं राहायला दिवसदिवस लागतात. आत विठ्ठलाच्या पायांवर डोकं टेकायला मिळतं ते पापणी लवण्याइतकं. असंख्य वारकरी त्या रांगेकडे जातही नाहीत. चंद्रभागेत बुडी मारतात, नगरप्रदक्षिणा करतात, कळसाकडे पाहून हात जोडतात आणि मिळालं म्हणतात. इतकं चालून यायचं आणि दाराशी येऊन आत जायचा हट्ट धरायचा नाही, हे बळ कुठून येतं? मला वाटतं, त्यांच्या बाजूने भेट आधीच झालेली असते.

२०२० साली याची परीक्षा झाली. करोनाच्या साथीत पायी वारी बंद राहिली. माउलींच्या पादुका एसटीच्या बसमधून आळंदीहून पंढरपूरला नेल्या. पादुका वेळेवर पोचल्या, महापूजा झाली, विठ्ठल जागेवरच होता. नुसतं पोचण्यात सुख असतं, तर त्या वर्षी काही उणं पडायला नको होतं. पण गावोगावचे वारकरी अंगणात उभे राहून वाटेकडे बघत होते. तोंडात भाकरीचा घास फिरत होता.

इथे एक दुखरी गोष्ट दडवली तर हे लिहिणं खोटं ठरेल. ही ठरलेली वाट सगळ्यांसाठी दारापर्यंत जात नव्हती. देवळात जाऊ न दिलेल्या संत चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे, बाहेर. जे चोखोबांचं झालं तेच त्यांच्या मागून आलेल्या कित्येक पिढ्यांचं झालं. अडीचशे किलोमीटर चालून आलेला माणूस जातीमुळे शेवटच्या पायरीशी थांबवला जाई. इरावती कर्वे यांनी ‘वाटचाल’ या लेखात वारीतही जेवणाच्या पंगती जातीप्रमाणे वेगळ्या बसतात, याचं आपलं दुःख लिहून ठेवलं आहे. मंदिराचं दार उघडलं ते मे १९४७ मध्ये, साने गुरुजींनी तनपुरे महाराजांच्या मठात दहा दिवस प्राणांतिक उपोषण केल्यावर. अमेरिकेत सुखाच्या हक्काचा मजकूर लिहिणाऱ्या जेफर्सनच्या शेतावरही गुलाम राबत होतेच. माणूस सुखाचे सुंदर शब्द आणि सुंदर रस्ते तयार करतो आणि त्याच हाताने दाराला कडी घालतो. म्हणून मला वारीतल्या सगळ्या संतांइतकेच ते दहा दिवस पूज्य वाटतात. तो उपवास झाला नसता, तर चंद्रभागेच्या वाळवंटातल्या उराउरी भेटींना पुरा अर्थ आला नसता. कडी काढणं हाही सुखाच्या वाटेचाच भाग आहे, आणि ते काम अजून संपलेलं नाही. मनांच्या कड्या उघडायला कायदा पुरत नाही.

पौर्णिमेला गोपाळपूरला काला होतो, लाह्या-दही एकमेकांच्या तोंडात भरवलं जातं आणि लोक एसटी, रेल्वे, टेम्पो पकडून शेतांकडे पळतात. पेरणी वाट पाहत असते. पण पालखीला आळंदीला परत जायचं असतं, आणि तीही पायीच जाते. मोठमोठ्या मजला मारत, थोडक्या दिवसांत. या परतवारीला कॅमेरे नसतात, फुकट चहा वाटणारे मांडव नसतात, स्वागताच्या कमानी उतरवलेल्या असतात. रस्त्यावरची वाहनं हॉर्न देत बाजूने निघून जातात. मोजकी माणसं असतात, आणि टाळ जाताना वाजला तसाच वाजतो.

आषाढीच्या गर्दीत तर एकदा जाच. पण जमलं तर एक मजल परतवारीचीही चाला. सोबत पाण्याची बाटली घ्या आणि दुपारच्या जेवणाला दिंडीतल्या कुणालाही माउली म्हणून हाक मारा, पंगतीत जागा होते.