छिद्र, क्लिप आणि सासूबाईंचा चौविहार



आपल्याकडे पोटाच्या तक्रारीवर बोलणं ओवा, हिंग आणि त्रिफळा इथपर्यंतच चालतं. त्यापुढचं काही निघालं की बायका विषय बदलतात. म्हणून आज मुद्दाम त्यावरच लिहितेय, तेही सासूबाईंना विचारून. त्या म्हणाल्या, "लिही, कुणाच्या तरी कामाला येईल. नाव मात्र टाकू नकोस."

सासूबाईंचं वय ७१. हिमोग्लोबिन सारखं कमी यायचं. गोळ्या, खजूर, बीट सोडून जे जे चालतं ते सगळं करून झालं. मग शौचाच्या तपासणीत रक्ताचा अंश सापडला आणि डॉक्टरांनी कोलोनोस्कोपी सांगितली. म्हणजे कॅमेऱ्याची लवचिक नळी खालून घालून मोठं आतडं आतून पाहायचं.

त्यासाठी आतडं अगदी स्वच्छ लागतं. दोन दिवस आधीपासून पालेभाजी, बियांची फळं, तीळ, जवस, कोंडा बंद. भात, मुगाच्या डाळीचं पाणी, ताक चालतं. मग जुलाबाची पावडर दोन लिटर पाण्यात विरघळवून प्यायची. अर्धी आदल्या संध्याकाळी उशिरा, अर्धी पहाटे. इथेच गाडी अडली. सासूबाईंचा चौविहार गेली ३८ वर्षं मोडलेला नाही. सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंब नाही. त्या मला हळूच म्हणाल्या, "संध्याकाळचं राहू दे. सकाळचं पिते तेवढं पुरे. डॉक्टरला कुठे कळतंय?"

मी त्यांच्यासमोरच डॉक्टरांना फोन लावला आणि व्रताचं सरळ सांगितलं. ते हसले नाहीत की रागावले नाहीत. म्हणाले, "मग आजींना दुपारची वेळ देऊ. सगळं औषध त्याच दिवशी सकाळी घ्या, पण पूर्ण घ्या." नवकारसी झाल्यावर उकळून गार केलेल्या पाण्यात पावडर घातली आणि साडेदहापर्यंत दोन्ही लिटर संपवले. तोंडं वाकडी केली, पण ग्लास रिकामे केले. तपासणी तीन वाजता होती. या दोन लिटरांची किंमत आम्हाला दुपारी कळली.

आतड्याच्या उजव्या भागात तीन सेंटीमीटरचा पसरट पॉलिप निघाला. पॉलिप म्हणजे आतल्या अस्तरावरची गाठ. सगळ्याच पॉलिपांचा कॅन्सर होत नाही, पण काही जातींचा वर्षानुवर्षांत होऊ शकतो, म्हणून सापडला की काढतात. पोट न उघडता, नळीतूनच पॉलिप काढण्याची सुरुवात १९६९ साली न्यूयॉर्कमध्ये डॉ. वुल्फ आणि डॉ. शिन्या यांनी केली. पसरट पॉलिप असेल तर त्याच्याखाली निळसर द्रव टोचून तो फुगवतात, मग तारेचा फास टाकून विजेवर कापतात. आतड्याची भिंत तिथे जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची असते. नुसत्या तपासणीत छिद्र पडण्याचा धोका साधारण हजारात एक किंवा त्याहूनही कमी. मोठा पॉलिप काढताना तो वाढतो. सहीच्या कागदावर हे लिहिलेलं होतं आणि आम्हाला वाचूनही दाखवलं होतं.

सासूबाईंच्या बाबतीत तेच झालं. डॉक्टर बाहेर आले आणि उभ्या उभ्याच सांगितलं, "गाठ पूर्ण निघाली. काढताना एक बारीक छिद्र पडलं. ते मला लगेच दिसलं आणि आतूनच बंद केलंय. सर्जनना कळवून ठेवलंय. आज ऑपरेशन लागेल असं वाटत नाही, पण लक्ष ठेवावं लागेल."

माझे पाय लटपटले. यजमानांनी विचारलं, "दिसलं कसं?" त्यांनी कागदावर काढून दाखवलं. टोचलेला निळा रंग भिंतीच्या मधल्या थराला लागतो, त्याखालच्या स्नायूला लागत नाही. निळ्या जखमेत पांढरं वर्तुळ दिसलं की स्नायू कापला गेलाय हे समजतं. त्यांनी तिथेच थांबून नळीतून छोट्या धातूच्या क्लिपा घातल्या आणि दोन्ही कडा जवळ आणून चिमटल्या. पाच क्लिपा लागल्या. वाळत घातलेल्या साडीचे काठ चिमट्याने जोडावेत, तसं. मोठ्या आतड्याचं छिद्र असं क्लिपने बंद केल्याचा अनुभव जपानी डॉक्टरांनी १९९७ साली प्रसिद्ध केला होता. त्याआधी बहुधा पोट उघडण्यावाचून इलाज नसे. आजही छिद्र मोठं असेल किंवा उशिरा कळलं, तर ऑपरेशन करावंच लागतं.

शेवटी ते म्हणाले, "आतडं स्वच्छ होतं, हे फार बरं झालं. घाण असती तर छिद्रातून पोटात उतरली असती." मी सासूबाईंच्या त्या दोन रिकाम्या ग्लासांना मनातल्या मनात हात जोडले.

पुढचे दोन दिवस तोंडाने काही नाही, पाणीसुद्धा नाही. सलाईन, अँटिबायोटिक, सीटी स्कॅन. दर काही तासांनी नाडी, ताप, पोट दाबून पाहणं. रात्री मी खुर्चीत बसून नवकार म्हणत होते. प्रत्येक वेळी नर्सने पोटाला हात लावला की श्वास अडकायचा. नणंद म्हणाली, "मम्मी, बेला झाला की तुमचा!" सासूबाईंनी डोळे न उघडता उत्तर दिलं, "पचक्खाण घेतलं नाही, तर तप कसलं? ही नुसती उपासमार." ते ऐकून मला दोन दिवसांत पहिल्यांदा हसू आलं. तिसऱ्या दिवशी पोट मऊ, ताप नाही. दुपारी चार चमचे पेज दिली आणि ती पचली. पाचव्या दिवशी घरी आलो. रिपोर्टमध्ये कॅन्सर नव्हता. पण तसंच सोडलं असतं तर पुढे होऊ शकणाऱ्या जातीचा पॉलिप होता. सहा महिन्यांनी पुन्हा तपासायचं आहे.

ओळखीतल्या काहींनी लगेच विचारलं, "त्यांच्यावर केस करणार का?" छिद्र पडलं हे खरं. पण ते वेळीच ओळखलं, लगेच बुजवलं आणि आमच्यापासून लपवलं नाही, हेही खरंच. मला तरी त्या डॉक्टरांचा राग येत नाही.

मैत्रिणींनो, एवढं लक्षात ठेवा. चौविहार असो, आयंबिल असो, वर्षीतप असो, तपासणीची तारीख ठरवतानाच डॉक्टरांना सांगा. मार्ग निघतो. पण औषध गुपचूप अर्धं टाकू नका. पॉलिप काढल्यानंतर पुढच्या काही दिवसांत पोटदुखी वाढत गेली, ताप आला, पोट कडक झालं किंवा खूप रक्त गेलं, तर गॅस समजून ओवा चावत बसू नका, रात्र असली तरी दवाखाना गाठा. क्लिपा काही आठवड्यांत आपोआप गळून शौचातून जातात, पण त्याआधी एमआरआय करायची वेळ आली तर क्लिपांचं आधी सांगा.

आणि घरातल्या मोठ्या बाईचं हिमोग्लोबिन सारखं कमी येत असेल, तर नुसता खजूर देऊन थांबू नका. कारण शोधा.