जड हायड्रोजन आणि गावचे पाणी

धर्मापुरी, जि. बीड

चि. ताई,

जड हायड्रोजन, म्हणजे ड्यूटेरियम, ही ताऱ्यांची देणगी नव्हे. गेल्या आठवड्यात शाळेच्या अंगणात मुलांना सांगितले गेले की माणसाच्या शरीरातला कण न् कण ताऱ्यांच्या पोटात घडला. रक्तातले लोह, हाडांतले कॅल्शियम यांच्यापुरते ते खरे आहे; हायड्रोजनला ते लागू नाही. टाळ्या पडल्या, मुलांचे डोळे चमकले आणि चूक वह्यांत उतरली. शिकलेल्या माणसाने असे घाईने बोलू नये. मुले तेच वर्षानुवर्षे खरे धरून चालतात.

साध्या हायड्रोजनच्या अणुकेंद्रात एकटा प्रोटॉन असतो. ड्यूटेरियमच्या केंद्रात त्याच्या जोडीला एक न्यूट्रॉन असतो, त्यामुळे वस्तुमान जवळजवळ दुप्पट होते. रासायनिक वागणूक मात्र बरीचशी तीच राहते. हॅरॉल्ड युरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३१ मध्ये द्रवरूप हायड्रोजनची सावकाश वाफ होऊ दिली आणि उरलेल्या अंशाच्या वर्णपटात या अणूची फिकट रेषा पकडली. तोवर न्यूट्रॉनचाही शोध लागलेला नव्हता. तो चॅडविक यांनी १९३२ मध्ये लावला. युरी यांना १९३४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या अणूचा जन्म विश्वाच्या पहिल्या काही मिनिटांतला. सुरुवातीच्या प्रचंड उष्णतेत प्रोटॉन आणि न्यूट्रॉन एकत्र येत, पण त्यांची जोडी टिकत नसे. प्रखर प्रारणाच्या माऱ्याने ती लगेच फुटे. तापमान शंभर कोटी अंशांच्या आसपास उतरले तेव्हा ड्यूटेरियम टिकू लागले आणि त्यापासून झपाट्याने हेलियम बनले. विश्व प्रसरण पावत, थंड होत होते, त्यामुळे ही प्रक्रिया अर्धवट थांबली. हायड्रोजनच्या दर दहा लाख अणूंमागे सुमारे २५ जड अणू तसेच राहून गेले. विश्वात साधे द्रव्य जितके दाट, तितकी ही शिल्लक कमी. म्हणूनच ती मोजून खगोलशास्त्रज्ञांना विश्वातल्या साध्या द्रव्याचा अंदाज बांधता आला.

ताऱ्यांची भूमिका यानंतर सुरू होते आणि ती मुख्यतः खाणाऱ्याची आहे. वायूचा ढग स्वतःच्या गुरुत्वाने आकसत असता गाभ्याचे तापमान दहा लाख अंशांच्या घरात पोचले की ड्यूटेरियम प्रोटॉनशी जुळून हेलियम-३ बनते आणि ऊर्जा सुटते. साधा हायड्रोजन पेटायला याच्या कितीतरी पट तापमान लागते. त्यामुळे कोवळ्या ताऱ्याचे पहिले अणुइंधन ड्यूटेरियमच असते, आणि त्याच्या उष्णतेने ताऱ्याचे आकसणे काही काळ मंदावते. गुरू ग्रहाच्या सुमारे १३ पटींपासून साधारण ७५ ते ८० पटींपर्यंत वस्तुमानाचे पिंड एवढीच मजल गाठतात. त्यांच्यात ड्यूटेरियम जळते, पण साधा हायड्रोजन कायमचा पेट घेत नाही. त्यांना तपकिरी बटू म्हणतात.

सूर्याच्या गाभ्यात सुमारे दीड कोटी अंश तापमान आहे. तिथे ड्यूटेरियम सतत तयार होते, हेही मुलांना सांगायला हवे. दोन प्रोटॉन जवळ येतात आणि त्याच क्षणी एकाचा न्यूट्रॉन झाला तरच जोडी जमते. हा योग इतका दुर्मीळ की एका प्रोटॉनला त्यासाठी सरासरी अब्जावधी वर्षे थांबावे लागते. बनलेले ड्यूटेरियम मात्र काही सेकंदांतच पुढच्या प्रोटॉनला मिळून हेलियम-३ होते. सूर्य त्यातले काहीच बाहेर देत नाही. बेथे आणि क्रिचफील्ड या भौतिकशास्त्रज्ञांनी १९३८ मध्ये ही पायरी गणिताने मांडली. तिच्या संथपणामुळेच सूर्य एकदम भडकून संपत नाही आणि पृथ्वीवर जीवसृष्टीला वेळ मिळतो.

पृथ्वीवर जड हायड्रोजनचे भांडार म्हणजे पाणी. समुद्राच्या पाण्यात हायड्रोजनच्या दर दहा लाख अणूंमागे सुमारे १५६ अणू जड असतात, म्हणजे आद्य प्रमाणाच्या सहापट. सूर्य जन्मण्याआधीच्या अतिथंड ढगात हा जड अणू बर्फात जास्त साठला आणि त्या बर्फाचा काही अंश पृथ्वीच्या पाण्यात आला, असे आज मानले जाते. ६७पी या धूमकेतूवर रोझेटा यानाने पृथ्वीच्या तिप्पट प्रमाण मोजले. शुक्रावर ते शंभर पटींहून जास्त भरते, कारण तिथला हलका हायड्रोजन अवकाशात निसटत गेला. धर्मापुरीच्या आडाचे पाणीही या हिशेबाबाहेर नाही. दहा लिटरच्या घागरीत सुमारे एक तृतीयांश ग्रॅम ड्यूटेरियम असते, आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक अणू केदारेश्वराच्या देवळाहूनच काय, सूर्याहूनही जुना आहे.

महाराष्ट्रात हा अणू वेगळा काढण्याचे काम रायगड जिल्ह्यात अलिबागजवळ थळ-वायशेत येथे होते. तिथला जड पाणी प्रकल्प १९८७ पासून खत कारखान्याच्या वायूतून ड्यूटेरियम वेचतो. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्ट्या, ट्रॉम्बेची ध्रुव ही अणुभट्टी, या सगळ्यांत न्यूट्रॉनचा वेग कमी करायला ड्यूटेरियमचे हे जड पाणी वापरतात.

गावाला मात्र ड्यूटेरियमचा याहून जवळचा उपयोग आहे. ढग किनाऱ्यावरून आत सरकतात तेव्हा ड्यूटेरियम असलेले पाण्याचे जड रेणू आधी बरसतात. तळ्यातून बाष्पीभवन होताना हलके आधी उडतात. म्हणून विहिरीच्या पाण्यातले ड्यूटेरियम मोजले की ते थेट पावसाचे, की तळ्यातून मुरलेले, हे बऱ्याच अंशी ओळखता येते. हायड्रोजनचा तिसरा भाऊ ट्रिटियम वातावरणाच्या वरच्या थरांत वैश्विक किरणांनी बनून पावसातून येतो आणि १२.३ वर्षांत निम्मा होतो. बोअरच्या पाण्यात तो जवळजवळ नसेल, तर ते पाणी अनेक दशकांपूर्वी मुरलेले आहे आणि आजच्या पावसाने भरून येत नाही. भाभा अणुसंशोधन केंद्रात अशा तपासण्या वर्षानुवर्षे होत आहेत.

काळजी वाटते ती इथेच. मराठवाड्याच्या काळ्या पाषाणात पाणी वरच्या सच्छिद्र थरात आणि भेगांत असते. खाली पुष्कळदा नुसता अखंड खडक लागतो. २०१३ मध्ये पाण्यावाचून परळीचे औष्णिक वीज केंद्र बंद ठेवावे लागले, २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आले. तरी दर उन्हाळ्यात बोअर आणखी खोल जाते. उपसले जाणारे पाणी यंदाचे की आजोबांच्या काळचे, हे कोणी विचारत नाही. तुझ्या वडिलांच्या मळ्यातही तिसरे बोअर ठरले आहे, असे कळते. तुझा शब्द ते मोडणार नाहीत. मशीन बोलावण्याआधी जुन्या दोन्ही बोअरच्या पाण्याचे नमुने तपासायला पाठव.

तुझा मामा