जरा इकडे बघ!

लहान मुलांचे फोटो काढणे ही अगदी सोपी गोष्ट आहे, अशी पुष्कळ दिवस माझी समजूत होती. ज्याच्या हाती फोन तो फोटोग्राफर, असा हा काळ! पण गेल्या दिवाळीत गडचिरोलीहून चंद्रपूरला भावाकडे गेले आणि माझा तोरा पार उतरला.

पाडव्याच्या दुपारी दोन वर्षांच्या भाचीला नवे परकर-पोलके घालून मी अंगणात उभे केले. "जरा इकडे बघ! हस पाहू! हलू नको!" वर्गात साठ मुलांना गप्प बसवणारी मी, पण ही चिमुरडी काही दाद देईना. चाळीस फोटो निघाले. ऊन दिवाळीतले असले तरी अखेर चंद्रपूरचे! कपाळ पांढरेफटक, डोळ्यांच्या जागी दोन काळ्या खाचा. काही फोटोंत तर नुसती पाठच. शेवटी तिने भोकाड पसरले तेव्हा स्वयंपाकघरातून वहिनी म्हणाली, "ताई, काहून रडवून राहिल्या पोरीले? खेळू द्या न तिले. तुम्हीच बसा खाली!"

मी मुकाट्याने ओसरीवर बसले, आणि काय चुकत होते ते ध्यानात आले. उभ्याने फोटो काढला की मुलाचे डोके भोपळ्याएवढे आणि पाय काडीएवढे दिसतात. जमिनीवर बसले की चेहऱ्यासमोर चेहरा येतो. ओसरीत ऊन नव्हते; एका बाजूने मऊ उजेड तेवढा येत होता. चिवड्याच्या तेलकट बोटांनी माखलेली फोनची काच पदराने पुसली. फ्लॅश बंद केला. बोटांनी चित्र मोठे करण्याऐवजी स्वतःच पुढे सरकले. कारण तसे मोठे केलेले चित्र बहुधा मूळ चित्राचा ताणलेला तुकडाच असते. अंधाऱ्या खोलीत फोनला उजेड गोळा करायला जास्त वेळ लागतो, आणि तेवढ्यात मूल हलले की फोटो पुसट होतो. ओसरीत ती अडचण नव्हती. एकामागून एक पुष्कळ फोटो घेतले. भाची पणत्यांत रांगोळी भरीत होती. मी "हस" म्हटलेच नाही. पणत्यांचा भाव विचारला. ती हसली!

तेव्हा मला दादासाहेब फाळक्यांची मंदाकिनी आठवली. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये ती बालकृष्ण झाली होती. चित्रपटाच्या आरंभी ही मुलगी कॅमेऱ्यासमोर एकेक भाव असा मोकळेपणाने दाखवते की पाहतच राहावे. दिग्दर्शक तिचा बापच होता. त्याच्यापुढे ती कशाला बुजेल?

फोटो सुरेख आला होता. फक्त कोपऱ्यात बेसनाने माखलेला, बांगड्यांचा एक हात होता. मुलगी कलंडू नये म्हणून वहिनीने तिला मागून धरले होते. तो हात कापून टाकावा म्हणून मी बोट पुढे केले, आणि थांबले.

१८३९ साली दागेरची पद्धत जगापुढे आली, तेव्हा एक चित्र उमटायला काही मिनिटे लागत. पुढे वेळ सेकंदांवर आली, तरी तान्ह्या मुलाला तेवढे स्थिर ठेवणार कोण? म्हणून परदेशातल्या स्टुडिओंत आईवर कापड टाकून तिची जणू खुर्चीच करीत आणि तिच्या मांडीवर मूल बसवीत. फोटो मुलाचा, आई झाकलेली!

माझ्या बालपणीचा एकच फोटो आहे, १९८३ सालचा. गडचिरोली जिल्हा नुकताच, १९८२ मध्ये, झाला होता आणि वडिलांची तेथे बदली झाली होती. स्टुडिओतल्या स्टुलावर मी रडवेली बसले आहे, आणि कडेला माझा फ्रॉक घट्ट धरलेली चार बोटे आहेत. आई गेल्यावर आम्ही भावंडांनी ट्रंका उपसल्या. म्हातारपणीचे तिचे फोटो सापडले. तरुणपणीची आई मात्र त्या चार बोटांपुरतीच उरली आहे.

मी फोटो तसाच वहिनीला दाखवला.

"अव्वा, माझा हात आला न त्यात! काढून टाका, ताई."

"राहू दे," मी म्हटले. "आणि हात धुऊन तूही ये. तिच्याजवळ बस."