माप
सकाळी गाडी चालू केली की पहिले दोन-तीन सेकंद डब्यात खिळे हलवावेत तसा आवाज यायचा. इंजिनात तेलाचा दाब आला की थांबायचा. गाडी धाकट्या भावाची, भाड्याने चालणारी. त्याचं घर तिच्यावर चालतं. दुरुस्तीचा खर्च मात्र मी करतो. म्हणून वर्षभर मीच म्हणत राहिलो, "चालतेय ना? मग चालू दे." ऑईल बदलणंही दोनदा पुढे ढकललं.

मिस्त्रींनी कान लावून ऐकलं. "टायमिंग चेन लांबलीय. दात सोडला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतील. मग इंजिनच खोलावं लागेल."

कंपनीचा सेट महाग होता. मी बाहेरचा, स्वस्तातला आणून दिला. चाचांनी जुनी आणि नवी चेन शेजारी-शेजारी टांगून कड्या मोजल्या. बरोबर भरल्या. प्लास्टिकच्या गाईडचं भोक मात्र केसभर सरकलेलं. बोल्ट तिरका जाऊ लागला.

मी म्हणालो, "चाचा, थोडं कानस मारा. बसेल."

त्यांनी पाना खाली ठेवला. "बसवता येईल बेटा. पण रात्री घाटात सवारी घेऊन तू नसणार, तुझा भाऊ असणार."

मी गप्प झालो. लहानपणापासून ऐकत आलोय, मापात मारणं हराम. ते मी नेहमी दुकानदाराचं पाप समजत होतो. चुकीच्या मापाची वस्तू ठोकून-घासून बसवायला सांगणारं गिऱ्हाईकही त्यात येतं, हे त्या दिवशी गॅरेजात कळलं.

सेट परत केला. दुसरा आणला, तोही बाहेरचाच, पण सगळी भोकं जुळणारा. पहिला कंपनीचा नव्हता म्हणून वाईट नव्हता, मापात नव्हता म्हणून वाईट होता. चेन, दोन्ही गाईड, टेन्शनर, सगळं नवीन घातलं. नव्या चेनला जुना टेन्शनर लावायला चाचा तयारच नव्हते. रंगीत कड्या गिअरवरच्या खुणांशी जुळवल्या, टेन्शनरची पिन ओढली. मी चावीकडे हात नेला तर ओरडले, "आधी हाताने!"

मग पान्याने क्रँक सावकाश २ फेऱ्या फिरवला. तेवढ्यात कॅमची १ फेरी होते. कुठे अडत नाही ना, ते हाताला कळतं. स्टार्टरला ते कळत नाही, तो जोर लावून मोडतो. रंगीत कड्या आता पुढे सरकल्या होत्या. चाचा म्हणाले, "त्यांच्याकडे बघू नकोस, गिअरच्या खुणा बघ." त्या जागेवर होत्या.

जोहरची नमाज पढून आल्यावर त्यांनी चावी फिरवली. खडखड नव्हती.

भावाला पहिल्या सेटबद्दल मी अजून सांगितलेलं नाही. ऑईल बदलायची तारीख मात्र आता माझ्या डायरीत असते.