मेंडीची पोरं
(कार्डिफ ते रूबे : भाग दुसरा)

सोमवार, कार्डिफ

संध्याकाळी सहाला लख्ख ऊन. वेल्समध्ये हे वाक्य लिहायला मिळतं हीच बातमी. भाच्याला घेऊन मेंडीच्या मैदानावर गेलो. इथूनच सुरुवात केलेला सायकलपटू जेरेंट थॉमस २०१८ साली टूर द फ्रान्स जिंकला, त्यावर ढीगभर लिहून झालंय. मला बघायचे होते त्याआधीचे दिवस, कुणी ऑटोग्राफ मागत नव्हतं तेव्हाचे.

मेंडीत बघण्यासारखं फारसं काही नाही, आणि मला तेच आवडलं. ४६० मीटरचा उघडा सायकल ट्रॅक, शेजारी पोहण्याचा तलाव. पूर्वी इथे मातीसाठी खणलेला प्रचंड खड्डा होता. त्यात पाणी साचून तळं झालं, माणसं बुडून मेली. शेवटी शहराचा कचरा टाकून खड्डा बुजवला आणि त्यावर १९५१ मध्ये हे मैदान उभं राहिलं. भरावावरचं असल्यामुळे की काय, ट्रॅकला उंचवटे आहेत. १९५८ च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या सायकल शर्यती इथे झाल्या. मिल्खा सिंगनी ४४० यार्डांत सुवर्ण जिंकलं ती हीच स्पर्धा, फक्त धावण्याच्या शर्यती आर्म्स पार्कवर होत्या.

दहा वर्षांचा जेरेंट इथे पोहायला आला होता. तलावाबाहेर ‘मेंडी फ्लायर्स’ क्लबची पोरं गोल गोल फिरताना दिसली आणि हा त्यांच्यात घुसला. आजही तसंच चालू होतं. कुणाचं हेल्मेट भुवयांवर उतरलेलं, कुणाच्या सायकलची सीट शेवटपर्यंत खाली. आतल्या कडेला उभा असलेला एक बाप दर फेरीला एकच शब्द ओरडत होता, “एल्बोज!” म्हणजे कोपरं सैल सोड. पोरगी ती सोडायची आणि वळण आलं की पुन्हा ताठ करायची.

मंगळवार

भाड्याच्या सायकलवरून कॅरफिली माउंटन चढलो. नाव पर्वताचं, चढ जेमतेम दीड किलोमीटरचा. पण उभा. बोरघाटात निदान दम खायला वळणं तरी मिळतात. माथ्यावर खाण्याची टपरी आहे, तेवढं एक बरं. कार्डिफच्या पोरांना असे चढ शाळा सुटल्यावर गाठता येतात, आणि खाली उतरलं की ट्रॅक. नशीब म्हणायचं तर याला म्हणावं.

गुरुवार, न्यूपोर्ट

रेल्वेने पंधरा मिनिटांच्या आत. इथला लाकडी व्हेलोड्रोम २००३ चा, म्हणजे जेरेंट सतरा वर्षांचा असतानाचा. आता त्याला जेरेंटचंच नाव आहे. ट्रॅक २५० मीटरचा, आणि वळणावरचा उतार इतका उभा की खाली थांबून वर बघताना मान दुखते.

भाच्याने नवशिक्यांच्या सत्रात नाव घातलं होतं. सायकल हातात आली तसा तो ओरडला, “मामा, याला ब्रेकच नाहीत!” नसतातच. फ्रीव्हीलही नाही. चाक फिरतंय तोवर पाय फिरणार, थांबायचं असेल तर पायांनीच वेग मारायचा. वळणावर घाबरून वेग कमी केला तर सायकल घसरते, म्हणून भीती वाटते नेमकं तिथेच जोर लावायचा. चार फेऱ्यांत त्याचा चेहरा बदलला.

ट्रॅकवरच्या पोरांना रस्त्यावर फायदा होतो तो इथून. पाय न थांबवता, गोल आणि हलके फिरवायची सवय लागते. दुसऱ्याच्या मागच्या चाकापासून वीतभरावर राहायची भीड चेपते. टीम पर्स्यूटमध्ये चौघं एकामागे एक, ४ किलोमीटर. पुढचा वारा कापतो, दमायच्या आत वळणावर वर चढतो, तिघं खालून निघून जातात, आणि तो उतारावरून घसरत शेवटच्याच्या मागे लागतो. वेळ धरतात तिसऱ्याची. जेरेंट, एड क्लॅन्सी, पॉल मॅनिंग आणि ब्रॅडली विगिन्स यांनी २००८ ला बीजिंगमध्ये ३ मिनिटं ५३.३१४ सेकंदांत सुवर्ण नेलं, तेव्हाचा विश्वविक्रम.

हे सरळ रेषेत घडलं नाही. २००५ मध्ये सिडनीत सरावात पुढच्या चाकाने उडवलेला धातूचा तुकडा जेरेंटच्या सायकलीत आला, तो पडला, प्लीहा फाटली आणि काढावी लागली. वय अठरा. आपल्याकडे घरच्यांनी तिथेच सायकल माळ्यावर टाकली असती, आणि मी त्यांना दोष दिला नसता.

शनिवार, रूबे

काल फ्रान्समधलं लिल, आज मेट्रोने रूबे. प्रवासात सांगण्यासारखं काही नाही.

रूबेचा व्हेलोड्रोम ५०० मीटरचा, उघड्यावरचा. पॅरिस-रूबे ही दगडी रस्त्यांची शर्यत इथे संपते, आणि तिची ज्युनिअर शर्यतही. २००४ मध्ये ती जेरेंटने जिंकली. त्याच वर्षी ट्रॅकवर स्क्रॅच रेसमध्ये तो ज्युनिअर विश्वविजेता झाला. एकाच पोराने एका वर्षात या दोन्ही गोष्टी कराव्यात! एकीला गुळगुळीत लाकूड लागतं, दुसरीत दात निखळायची वेळ येते. व्हेलोड्रोमच्या आंघोळीच्या खोलीतले काँक्रीटचे कप्पे बघितले. प्रत्येकावर एकेका विजेत्याच्या नावाची पितळी पट्टी.

दुपारी पॅरिस-रूबेच्या वाटेवरच्या कार्फूर द लार्ब्र या दगडी रस्त्यावर गेलो. दगडांची पाठ मध्ये वर आलेली, कडेला चिखलाची पट्टी. बोट घालून बघितलं, फटीत दोन पेरं आत गेली.

२००७ ची टूर लंडनहून सुटली. २१ वर्षांचा जेरेंट त्यात सगळ्यांत लहान होता. पॅरिसला पोचलेल्या १४१ जणांत त्याचा नंबर १४० वा. मला हा आकडा टूर विजेत्याच्या पिवळ्या जर्सीपेक्षा महत्त्वाचा वाटतो. मुंबई-पुणे शर्यतीत ‘घाटाचा राजा’ कोण हे आपण विचारतो, पण शेवटून दुसरा आलेला पुढच्या वर्षी आला का, हे कोण विचारतं?

२०१८ च्या टूरचा नववा टप्पा अरासहून निघून याच भागातल्या दगडांवरून रूबेला आला. अनेक जण पडले. जेरेंट सुखरूप निघाला, पुढे आल्प द्युएझला तर टप्पाच जिंकला. त्याच्या संघात त्या वर्षी ल्यूक रो होता. तोही मेंडी फ्लायर्सचाच.